ग्रिमसे: आर्क्टिक वृत्त सरकत चाललेलं एक बेट

भूगोलबाई

नमस्कार मंडळी.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर गोल काढायचा, मधोमध विषुववृत्त, त्याच्या वर-खाली कर्क आणि मकर, आणि टोकांजवळ दोन आखूड रेघा. "साडेसहासष्ट अंश उत्तर, आर्क्टिक वृत्त" हे मुलांकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की ती रेघ पृथ्वीवर खरोखरच कुणी आखून ठेवली आहे असं मलाच वाटायला लागलं होतं. लेक डेन्मार्कला असते. तिला म्हटलं, मला एकदा त्या रेघेवर उभं राहायचंय. गेल्या जूनमध्ये तिने मला आइसलँडच्या उत्तरेला असलेल्या ग्रिमसे बेटावर नेलं. त्या बेटाबद्दल सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

बेट किती लहान? क्षेत्रफळ ५.३ चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी पाचेक किलोमीटर, रुंदी त्याहून पुष्कळ कमी. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यापासून साधारण ४० किलोमीटर आत समुद्रात. डाल्विक गावातून 'सायफारी' नावाची फेरीबोट निघते, तिला तीन तास लागतात. आकुरेरी शहराहून छोटं विमान अर्ध्या तासात पोचवतं. आम्ही बोटीने गेलो. बोट डोलायला लागल्यावर अर्धे प्रवासी आडवे झाले, पण मी बाहेर कठड्याला धरून उभी राहिले, कारण मला बेट लांबून कसं दिसतं ते बघायचं होतं.

लांबून ते कलत्या फळीसारखं दिसतं. पूर्वेची कड उचललेली, पश्चिमेची पाण्याकडे उतरलेली. पूर्वेला आणि उत्तरेला बेसॉल्टचे सरळ तुटलेले कडे, सर्वांत उंच जागा १०५ मीटर. त्यामुळे वस्ती आणि बंदर पश्चिम बाजूला, सांडविक नावाच्या छोट्या खाडीशी. तिथे उतरायला जागा आहे, पूर्वेला पाय ठेवायलाही नाही. नकाशा न बघता नुसत्या उतारावरून गाव कुठे असेल ते सांगता येईल. वर्गात मी हेच सांगायची: आधी उतार बघा, मग माणूस कुठे राहतो ते शोधा.

बेटावर झाड नाही, एकही नाही. गवत मात्र दाट आणि ओलसर, पाय ठेवला की दबतं. आणि त्या गवतात, कड्याच्या अगदी काठाला, पफिन पक्ष्यांची बिळं. एक पफिन माझ्यापासून चार हातांवर बिळातून बाहेर आला, चोचीत चार-पाच चंदेरी मासे आडवे धरलेले, सगळे एकाच मापाचे. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेला. हे पक्षी एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रात निघून जातात.

आता त्या रेघेकडे येते. उत्तर टोकाकडे तासभर चाललं की तीन मीटर व्यासाचा काँक्रीटचा एक मोठा गोळा लागतो. २०१७ साली तो बसवला. आर्क्टिक वृत्त जिथे आहे तिथे तो ठेवतात, आणि वृत्त सरकतं म्हणून तोही सरकवतात! विमानतळाजवळ वृत्ताची जुनी खूण आहे, तिथे फोटो काढायची सोय आहे, पण वृत्त तिथून केव्हाच पुढे गेलं आहे. २०४७ च्या सुमारास ते बेटाच्या उत्तर टोकावरून समुद्रात उतरेल आणि मग आइसलँडच्या वस्ती असलेल्या भूमीवर आर्क्टिक वृत्त कुठेच राहणार नाही.

गोळ्याला हात लावून उभी राहिले तेव्हा मला माझ्या सगळ्या वर्गांची आठवण झाली. रेघ सरकते हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं.

कुणाला या भागाची माहिती असेल तर जरूर भर घाला.

कर्दळीवन

बाई, फार सुंदर लिहिलंत. एक शंका. पाठ्यपुस्तकात ६६ अंश ३० मिनिटं असतं, पण नकाशांच्या संकेतस्थळांवर ६६ अंश ३३ मिनिटं वगैरे दिसतं. नक्की काय धरायचं?

भूगोलबाई

चांगला प्रश्न. पृथ्वीच्या अक्षाचा कल सध्या २३ अंश २६ मिनिटांच्या थोडा वर आहे. ९० मधून तो वजा केला की ६६ अंश ३३ मिनिटं आणि वर ५० सेकंदांच्या आसपास उरतात. पुस्तकात सोयीसाठी साडेसहासष्ट केलेलं असतं. एक मिनिट अक्षांश म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर, म्हणजे या सोयीत सात किलोमीटरचा फरक पडतो. जगाच्या नकाशावर तो दिसणारही नाही. पण ग्रिमसे पाच किलोमीटरचं. आपल्या पुस्तकातली साडेसहासष्टची रेघ या बेटाला शिवतच नाही, ती बेटाच्या दक्षिणेला समुद्रातून जाते. मला हे बोटीत बसून हिशेब केल्यावर कळलं.

तारांगण

आकाशाचा नाद असल्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वृत्त का सरकतं ते आधी. पृथ्वीच्या अक्षाचा कल कायम सारखा नसतो. साधारण ४१ हजार वर्षांच्या चक्रात तो २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होतो. सध्या तो कमी होतोय, वर्षाला अर्ध्या विकलेहून किंचित कमी (०.४७). विकला म्हणजे बाईंनी वर म्हटलेला अक्षांशाचा सेकंद. एक विकला म्हणजे जमिनीवर ३१ मीटर. म्हणजे आर्क्टिक वृत्त दरवर्षी सरासरी साडेचौदा मीटर उत्तरेला जातं. आणि तेवढंच कर्कवृत्त दक्षिणेला येतं, म्हणजे गुजरात-मध्य प्रदेशातून आपल्या दिशेने! महाराष्ट्रात ते पोचायचं नाही, तेवढा कल बदलणारच नाही, पण दिशा ती आहे.

बाईंनी बेटाची लांबी पाच किलोमीटर सांगितली. भागिले साडेचौदा. साधारण ३४० वर्षं. म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे वृत्त बेटाच्या दक्षिण टोकावर चढलं असणार आणि २०४७ ला उत्तर टोकावरून उतरणार. एक रेघ एका बेटावरून चालत जायला सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं घेते.

पण खरी मजा पुढे आहे. हे साडेचौदा मीटर म्हणजे मध्यम गती. प्रत्यक्षात अक्ष डुलतो, याला अक्षविचलन म्हणतात, आणि ते चंद्रामुळे होतं. चंद्राची कक्षा जिथे सूर्यमार्गाला छेदते ते बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. पंचांग बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं की राहू एका राशीत दीड वर्षाच्या आसपास असतो आणि उलटा फिरतो. बारा राशींचे झाले १८.६ वर्षं. नेमक्या याच चक्रात पृथ्वीचा कल ९.२ विकलांनी वाढतो आणि तेवढाच घटतो. जमिनीवर ते होतात दोन्ही बाजूंना २८५ मीटर.

राहू निरयन, म्हणजे आपल्या पंचांगातल्या, मीनेत सहाएक अंशांवर असतो (म्हणजे ऋतूंशी जोडलेल्या सायन गणनेत मेषारंभी) तेव्हा कल सर्वांत जास्त, समोर कन्येत असतो तेव्हा सर्वांत कमी. २०१५ च्या सुमारास राहू कन्येत होता, २०२५ च्या सुरुवातीला मीनेत. म्हणजे त्या दहा वर्षांत खरं वृत्त उत्तरेला जायच्या ऐवजी दक्षिणेला येत होतं. आता पुढची नऊ-दहा वर्षं दोन्ही गती एकाच दिशेला, उत्तरेला. २०४७ हा मध्यम रेघेचा हिशेब आहे. डुलणारी रेघ त्याच्या आधीच काही काळ बेटाबाहेर जाऊन पुन्हा परत येऊ शकते.

ज्यांच्या घरी पंचांग आहे त्यांनी राहूची रास बघावी. ग्रिमसेवरची रेघ सध्या कुठल्या दिशेला निघाली आहे ते तिथे लिहिलेलं आहे.

कर्दळीवन

राहूचा हा उपयोग मला आज कळला. आईला वाचून दाखवला हा प्रतिसाद.

भूगोलबाई

तारांगण, मनापासून आभार. राहू-केतू हे छेदनबिंदू आहेत हे वर्गात सांगायची मी, पण त्यांचा पृथ्वीच्या कलाशी असा संबंध लावला नव्हता. वही काढून सगळं उतरवून घेतलं.

निशाणी

माहिती उत्तम आहे, पण वेगळं मत मांडतो. आर्क्टिक वृत्त ही गणिताची रेघ आहे. तिथे ना हवामान बदलतं, ना जमीन. टनावारी वजनाचा गोळा दरवर्षी हलवायचा, त्यासाठी यंत्र आणायचं, हे सगळं पर्यटकांना फोटो मिळावा म्हणून. पन्नास-साठ माणसांच्या बेटावर तो पैसा दुसरीकडे लागला असता. शास्त्रज्ञ आर्क्टिक प्रदेशाची व्याख्या जुलैच्या सरासरी १० अंश तापमानाच्या रेषेवरून किंवा वृक्षरेषेवरून करतात, तीच खरी.

भूगोलबाई

निशाणी, व्याख्येबद्दल तुमचं बरोबर आहे. जुलैची सरासरी १० अंशांच्या आत, झाड नाही, म्हणून त्या कसोटीवरही ग्रिमसे आर्क्टिकच ठरतं. वृत्त बाहेर गेल्यावरही ठरेल.

पण गोळ्याबद्दल मला तुमचं पटत नाही. दगडी स्तंभ उभारला असता तर तो दहा वर्षांत खोटा झाला असता, जशी विमानतळाजवळची खूण झाली. या लोकांनी खूणच हलती ठेवली. मला तिथे जाऊन जे कळलं ते तीस वर्षं पुस्तक शिकवून कळलं नव्हतं. एक तरी मूल तिथे उभं राहून "हा गोळा का सरकवतात?" असं विचारेल, आणि तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

उत्तरवाट

मी आकुरेरीत राहतो, सहा वर्षं झाली. ग्रिमसे २००९ पासून आमच्याच नगरपालिकेचा भाग आहे. कामानिमित्त हिवाळ्यात दोनदा गेलो आहे, म्हणून त्या बाजूचं लिहितो. उन्हाळ्यात सगळेच जातात.

पहिली गोष्ट, हिवाळ्यात तिथे वाटतं तेवढी थंडी नसते. सरासरी तापमान शून्याच्या आसपास. अटलांटिकच्या कोमट प्रवाहाची एक शाखा आइसलँडला पश्चिमेकडून वळसा घालून उत्तर किनाऱ्यावर येते. पण पलीकडून ग्रीनलँडच्या बाजूचं थंड पाणीही येतं, आणि दोघांचं जिथे जमतं-बिघडतं तिथे हे बेट आहे. थंड पाण्याचा जोर झाला की समुद्रबर्फ येतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी अशी सलग बर्फाची वर्षं होती. १९६९ साली एक ध्रुवीय अस्वल ग्रिमसेवर आलं, त्याला मारलं. पेंढा भरलेलं ते अस्वल आजही हुसाविक गावच्या संग्रहालयात उभं आहे, मी पाहिलं आहे.

थंडीपेक्षा वारा. वाऱ्याला अडवायला तिथे काहीच नाही. विमान रद्द, बोट रद्द, असं चार-चार दिवस. दुकानातल्या दुधाचा हिशेब लोक बोटीच्या वेळापत्रकावर करतात.

दुसरं, वीज. आइसलँड म्हटलं की सगळ्यांना भूगर्भातली उष्णता आणि जलविद्युत आठवते. ग्रिमसेला मुख्य भूमीवरून केबल नाही आणि बेटावर गरम पाण्याचे झरेही नाहीत. तिथली वीज डिझेल जनित्रावर चालत आली आहे. अलीकडे छोट्या पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांचे प्रयोग सुरू झालेत. एवढ्या वाऱ्याच्या जागी ते आधी व्हायला हवं होतं असं मला वाटतं.

तिसरं, चर्च. १८६७ साली बांधलेलं लाकडी चर्च होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये एका रात्रीत जळून गेलं. वारा असा होता की काही वाचवता आलं नाही. त्या चर्चचं लाकूड समुद्रातून वाहून आलेलं होतं. झाड नसलेल्या बेटावर दीडशे वर्षं उभी असलेली लाकडी इमारत कशाची, याचं उत्तर हे. नंतर तिथे नवं चर्च उभारायला घेतलं, वर्गणीसाठी अख्ख्या देशातून पैसे आले.

कर्दळीवन

वाहून आलेलं लाकूड कुठून येतं पण? जवळपास कुठेच जंगल नाही ना.

कातळवाट

सैबेरियातून! मी भूशास्त्राचा, पण हे मला फार आवडतं म्हणून सांगतो. ओब, येनिसेई, लेना या नद्यांना पूर येतो, काठची झाडं उन्मळून आर्क्टिक महासागरात जातात. नुसतं पाण्यात राहिलं तर लाकूड काही महिन्यांत भिजून बुडेल. पण ते बर्फात गोठतं, आणि बर्फ सैबेरियाकडून ध्रुवावरून ग्रीनलँडच्या दिशेला सतत वाहत असतो. काही वर्षांनी ग्रीनलँडच्या पूर्वेला बर्फ वितळतो आणि ओंडका सुटून आइसलँडच्या उत्तर किनाऱ्याला लागतो. मधल्या प्रवासात साल निघून जाते, फांद्या झडतात, खारं पाणी मुरून लाकूड टिकाऊ होतं. आइसलँडच्या जुन्या कायद्यांत असं लाकूड कुणाच्या मालकीचं यावर बारीक नियम आहेत.

बाई, तुम्हाला किनाऱ्यावर दिसलं का?

भूगोलबाई

दिसलं! बंदराच्या दक्षिणेला बेसॉल्टचे षट्कोनी खांब आहेत, एकाला एक चिकटून. त्यांच्या खाली दगडगोट्यांत एक ओंडका अडकला होता, माझ्या उंचीच्या दुप्पट, चांदीसारखा करडा, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत. हात फिरवला तर कुठे कुसळ लागेना. तो सैबेरियाचा असू शकतो हे तुमच्यामुळे आत्ता कळलं. लेकीने फोटो काढला आहे.

कातळवाट

खांबांचा विषय निघालाच आहे तर जमिनीखालचंही सांगतो.

बेसॉल्टचे खांब आपल्याला अनोळखी नाहीत, कोल्हापूरजवळ बांदिवड्याला आहेत, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि भेगा पडत खांब तयार होतात, दोन्हीकडे कृती एकच. फरक वयाचा. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्याखालचं यंत्र केव्हाच थांबलेलं. आइसलँडचं यंत्र आजही चालू आहे.

उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट आइसलँडमधून एकमेकांपासून दूर जातात, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. ही फट आइसलँडच्या उत्तर किनाऱ्याशी आली की सरळ पुढे जात नाही. ती पश्चिमेला सरकते आणि मग समुद्रात 'कोल्बेन्से कटक' (समुद्राखालची डोंगररांग) म्हणून उत्तरेला निघते. या दोन तुकड्यांना जोडणारा मोडलेला पट्टा म्हणजे त्योर्नेस भ्रंशपट्टा, आणि ग्रिमसे त्या परिसरात आहे. म्हणून तिथे भूकंपांचे थवे येतात. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असं नाही. दिवसेंदिवस शेकडो छोटे धक्के. फेब्रुवारी २०१८ मध्ये असा थवा आला होता, सर्वांत मोठा ५.२ रिश्टरचा.

म्हणजे बेटावरची रेघ इतर ग्रहांच्या आणि चंद्राच्या ओढीने उत्तरेला चालली आहे आणि बेटाखालचा पट्टा पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने कुरकुरतोय.

खाडीकाठ

आमचं घर रत्नागिरीजवळ, तीन पिढ्या मासेमारी. एवढं सगळं वाचलं, पण तिथली माणसं खातात काय आणि कमावतात काय ते कुणी लिहिलं नाही. कुठला मासा? बंदर सुरक्षित आहे का? होड्या किती मोठ्या?

उत्तरवाट

खाडीकाठ, बरं विचारलंत. मासा मुख्यतः कॉड. बेटाच्या भोवती थंड आणि कोमट पाणी मिसळतं म्हणून समुद्र सुपीक. होड्या लहान, दोन-तीन माणसांच्या. बंदर पश्चिमेला असल्यामुळे पूर्वेच्या वाऱ्यात ठीक, पण पश्चिमेचा समुद्र खवळला की तिथलेही लोक होड्यांकडे रात्रभर लक्ष ठेवून असतात. जुन्या पिढीत मे महिन्यात कड्यावरून दोराने उतरून गिलमॉट पक्ष्यांची अंडी काढायचे, ते काही जण अजून करतात. एक माणूस दोराला, बाकीचे वर धरून.

खरी अडचण कोट्याची आहे. आइसलँडमध्ये मासेमारीचा हक्क कोट्यावर चालतो आणि तो कोटा विकता येतो. बेटावरच्या एखाद्याने कर्ज फेडायला कोटा विकला की तो हक्क बेटाबाहेर जातो आणि परत आणायला कुणाकडे पैसे नसतात. होडी आहे, बंदर आहे, मासा समोर आहे, पण पकडायचा हक्क नाही. पूर्वी शंभराच्या आसपास वस्ती होती, आता साठच्याही खाली. वर्षभर राहणारे त्याहून कमी. तिथले लोक वृत्त निघून जाण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. कोट्याबद्दल बोलतात.

खाडीकाठ

समजलं. हक्क गेला की होडी नुसती लाकूड राहते, हे कुठल्याही किनाऱ्यावरच्या माणसाला समजेल. त्या लोकांचा कोटा टिकावा.

केवडा

मला या बेटाचा एक जुना प्रसंग फार आवडतो. १०२४ सालचा. नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्ड्सन याने आइसलँडच्या लोकांकडे दूत पाठवला: मैत्रीची खूण म्हणून मला ग्रिमसे द्या. लहानसं बेट, कुणाला काय त्याचं? उत्तरेचे पुढारी द्यायला तयारही होते. तेव्हा एइनार नावाचा शेतकरी उठला आणि म्हणाला की राजा चांगला असेल, पण पुढचे राजे कसे असतील कुणाला माहीत. आणि त्या बेटावर एक अख्खं सैन्य पोसता येईल एवढं खायला आहे. तिथून लांब जहाजं निघाली तर आपल्या दारात दाटी होईल. बेट दिलं नाही. सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या कथाग्रंथांत, हे आलं आहे, तेव्हा शब्द कितपत खरे हा भाग वेगळा, पण बेटावर मासे आणि अंडी किती होती याची साक्ष म्हणून मी ते वाचते.

दुसरं, विलार्ड फिस्क. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल. १८७९ साली जहाजातून जाताना त्यांनी हे बेट लांबून पाहिलं. पाऊल कधीच ठेवलं नाही. पण इथले लोक बुद्धिबळाचे शौकीन आहेत असं ऐकून त्यांनी बुद्धिबळाचे संच पाठवले, पुस्तकं पाठवली, आणि मृत्युपत्रात १२ हजार डॉलर ठेवले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस बेटावर आजही सण म्हणून साजरा होतो.

मावळतीचा_सूर्य

मध्यरात्रीच्या सूर्याचं विचारायचं होतं. वृत्तावर फक्त २१ जूनला एक दिवस सूर्य मावळत नाही असं शिकलो. मग बाई जूनच्या सुरुवातीला गेल्या असत्या तर दिसला नसता का?

तारांगण

दिसला असता. "एक दिवस" हा हिशेब सूर्य म्हणजे एक बिंदू आणि पृथ्वीला हवा नाही असं धरून केलेला आहे. क्षितिजाजवळ हवा प्रकाश वाकवते आणि सूर्य अर्ध्या अंशाहून जास्त वर उचललेला दिसतो. शिवाय सूर्याची वरची कड केंद्रापेक्षा पाव अंश वर. मिळून सुमारे ०.८३ अंश. म्हणजे सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला आहे ते) २२.६ अंशांच्या वर असेपर्यंत ग्रिमसेवर मध्यरात्री सूर्याची कड दिसते: साधारण ६ जून ते ६ जुलै. शंभर मीटरच्या कड्यावरून बघितलं तर क्षितिज खाली जातं, आणखी दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंना मिळतात.

याच कारणाने तिथे पूर्ण ध्रुवीय रात्रही नाही. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्याचं बिंब दक्षिण क्षितिजाच्या किंचित वर यायला हवं. पण दक्षिणेला आइसलँडचे डोंगर आहेत, तेवढ्या वेळापुरता तो त्यांच्या मागेच राहत असणार.

उत्तरवाट

बरोबर. डिसेंबरात दुपारी डोंगरांच्या मागे आकाश केशरी होतं, बिंब दिसत नाही. दोन-तीन तास तसा उजेड राहतो आणि मग पुन्हा अंधार.

कातळवाट

कोल्बेन्सेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. ग्रिमसेच्या वायव्य-उत्तरेला ७४ किलोमीटरवर एक खडक आहे, आइसलँडचं सर्वांत उत्तरेचं टोक. सतराव्या शतकातल्या नोंदीत तो शेकडो मीटर लांब होता. १९८५ ला मोजला तर ३९ मीटर. १९८९ मध्ये त्यावर हेलिकॉप्टर उतरायला काँक्रीटचा तळ बांधला, तोही लाटांनी फोडला. आता पाण्यावर नुसते सुळके उरले आहेत. ग्रीनलँडबरोबर सागरी हद्द ठरवताना या खडकाला किती महत्त्व द्यायचं यावरून आइसलँड आणि डेन्मार्क यांच्यात बोलणी झाली होती. एका खडकामागे समुद्राचा केवढा मोठा पट्टा असतो!

ग्रिमसेवरून रेघ निघून जाणार आहे, आणि कोल्बेन्सेपर्यंत रेघ पोचायच्या आत खडकच जाणार आहे.

कर्दळीवन

पुढच्या उन्हाळ्यात जायचा विचार पक्का केलाय. काय जपावं?

भूगोलबाई

डोकं जपा! आर्क्टिक सुरय नावाचा समुद्रपक्षी आहे, तिथले लोक त्याला 'क्रिया' म्हणतात कारण तो तसाच ओरडतो. जूनमध्ये अंडी-पिल्लं असतात, आणि तो तुमच्या शरीराच्या सर्वांत उंच भागावर झडप घालतो. लेकीच्या डोक्यातून रक्त आलं. गावातल्या एका आजीबाईंनी आम्हाला काठी दिली, ती डोक्याच्या वर उभी धरायची, मग तो काठीवर चोच मारतो. विमान उतरायच्या आधी धावपट्टीवरून या पक्ष्यांना उठवावं लागतं. हाच पक्षी हिवाळ्यात अंटार्क्टिकाजवळ असतो. जाऊन-येऊन वर्षाला सुमारे ७० हजार किलोमीटर. दोन्ही ध्रुवांकडचा उन्हाळा बघणारा तो पक्षी, त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

जाड टोपी, वारा न शिरणारं जाकीट, आणि कड्याच्या काठावर पाय जपून. बिळांमुळे माती पोकळ असते. ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात तर पफिन भेटणार नाहीत.

उत्तरवाट

बाई, मी नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहे, बोट निघाली तर. गोळा कुठे आहे त्याचा फोटो इथे टाकतो.

भूगोलबाई

जरूर टाका. आणि जमलं तर तो आधी जिथे होता तिथे गवत परत उगवलंय का, तेवढं बघून सांगा.